आयटीआय इलेक्ट्रिशियन करताय? या चुका टाळा

दहावीनंतर आयटीआयचं ठरलं की पहिली चूक फॉर्म भरतानाच होते. मित्राने फिटर टाकलं म्हणून आपणपण फिटर, नाहीतर यादीत जे लागेल ते. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन्ही दोन वर्षांचे आहेत, पण मोटर, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंग असलं सगळं शिकायचं असेल तर इलेक्ट्रिशियन घ्या. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत दोन्ही चालतात. खाजगी संस्था असेल तर फी भरायच्या आधी तो ट्रेड डीजीटीशी (केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी) संलग्न आहे का बघा, नुसता बोर्ड बघून पैसे देऊ नका. आणि घरचे "पुढचं शिक्षण बंद होईल" म्हणत असतील तर सांगा, दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अप्रेंटिसशिप, म्हणजे आयटीआयनंतर कंपनीतलं स्टायपेंडवरचं प्रशिक्षण, सोडणं. पोरं म्हणतात कंपनीत स्टायपेंड कमी मिळतो, त्यापेक्षा एखाद्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली रोज जास्त सुटतो, आणि मग वर्षभर भिंतीला झिरी मारणं आणि पाइप टाकणं एवढंच हातात राहतं, पॅनेल कोणी उघडूपण देत नाही. कंपनीत निदान मोठ्या मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर, कंट्रोल वायरिंग, ड्रॉइंग वाचणं हे रोज डोळ्यासमोर असतं. शिवाय शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, ते कुठला शेठ देणारे?

आता कामातल्या चुका. एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखी पडते म्हणून 16 अँपिअर काढून 32 ची बसवायची, गिऱ्हाईक खूश. पण आत वायर अडीच स्क्वेअर एमएमचीच आहे ना भाऊ! आता लोड वाढला तर एमसीबी पडणार नाही, वायर तापणार. आधी लोड बघा, क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावा, टर्मिनलचा स्क्रू सैल आहे का तेपण बघा.

दुसरं, आरसीसीबी (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावली की लगेच ट्रिप. नवीन पोरगा म्हणतो पीस खराब आहे, बदलून आणतो, तोपण ट्रिप. बऱ्याचदा दोष न्यूट्रलमध्ये असतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते, आणि तुम्ही दोन सर्किटचे न्यूट्रल कुठल्यातरी स्विचबोर्डात एकत्र पिळून ठेवलेत, म्हणजे करंट दुसऱ्याच वाटेने परत जातो, 30 मिलीअँपिअरचा फरक पडायला किती वेळ लागतो. पीस बदलायच्या आधी एकेक सर्किट सुटं करून बघा. आयटीआयमध्ये जोडणी शिकवतात, फॉल्ट शोधणं स्वतः मुद्दाम शिकावं लागतं.

नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवून हात घालू नका. मेन बंद करा, मग मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही तपासा.

स्वतःची कामं घ्यायची असतील तर लायसन्सचं लांबणीवर टाकू नका. नवीन मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, तो परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरच्याच सहीचा लागतो, नाहीतर दर वेळी सही मागत फिरा.

आणि घराचं काम तोंडी ठरवू नका. पॉइंट मोजून रेट कागदावर लिहून द्या, एसी आणि गिझरचा पॉइंट वेगळा लावा, मटेरियल कोण आणणार तेही लिहा. मालकीणबाई शेवटी "अजून दोनच पॉइंट" म्हणतातच.