फ्रान्सच्या मोटारमुक्त सायकलवाटा : या चुका टाळा

१९९७ साली बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून तिथे डांबर घातलं गेलं आणि ती वाट चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना खुली झाली. फ्रान्समधली ही पहिली ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे मोटारींना पूर्ण बंदी असलेली वाट. आज देशभर अशा वाटांचं जाळं आहे, आणि खेड्यापाड्यांतून निवांत सायकल चालवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पण एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. यातल्या बहुतेक वाटा मुळात सायकलींसाठी आखलेल्याच नाहीत. काही एकोणिसाव्या शतकातल्या छोट्या रेल्वेमार्गांवरून जातात, तर काही कालव्याच्या काठाने, जिथून घोडे बोटी ओढत नेत. या वाटांचं सगळं सुख त्यातूनच आलं आहे आणि बहुतेक अडचणीसुद्धा.

मार्गाचं नाव पाहून ‘इथे गाड्या नाहीत’ असं धरून चालणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. व्हुआ व्हेर्तवर मोटारी नसतात. ‘वेलोरूत’ मात्र लांब पल्ल्याचा, पाट्या लावलेला मार्ग असतो. त्यात व्हुआ व्हेर्तचे तुकडे असतात, आणि ते जोडायला कमी वर्दळीचे साधे रस्तेही असतात. ‘ल्वार आ वेलो’ हा नेव्हेरजवळून अटलांटिकपर्यंत जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग वेलोरूत आहे. त्याचा बराच भाग गावरस्त्यांवरून आणि पूर अडवणाऱ्या बांधांवरच्या रस्त्यांवरून जातो, आणि त्या रस्त्यांवर गाड्या असतात.

‘कनाल दे दू मेर’चं उदाहरण घ्या. अटलांटिकजवळच्या र्वायांपासून भूमध्य समुद्रावरच्या सेतपर्यंतचा हा मार्ग. तुलूझहून बोर्दोकडे गारोन नदीला समांतर कालव्याने निघालात की डांबरी, सपाट, मोटारमुक्त वाट मिळते. कालवा संपत आला की मात्र सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत द्राक्षमळ्यांतले छोटे चढउताराचे रस्ते लागतात. तिथून पुढे जुन्या रेल्वेवरची रोजे लापेबी वाट बोर्दोच्या दिशेने नेते. (लापेबी हे १९३७ च्या तूर द फ्रान्सचे विजेते. त्या स्पर्धेत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली ती त्याच वर्षी.) मधला टप्पा सुंदर आहे, पण मुलं बरोबर असतील किंवा सायकलीवर पंधरा-वीस किलो सामान असेल, तर तो आधी माहीत असायला हवा.

उपाय सोपा आहे. मार्गाचं एकूण अंतर बाजूला ठेवा आणि रोजचा टप्पा नकाशावर तुकड्यातुकड्याने बघा. ‘फ्रान्स वेलो तुरिझ्म’ या सायकलपर्यटनाच्या संकेतस्थळावरच्या नकाशांवर मोटारमुक्त भाग आणि रस्त्याचा भाग वेगळे दाखवलेले असतात. तिथली जीपीएस फाइल फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जातं.

सपाट वाट म्हणजे गुळगुळीत वाट, असं समजणं

वाफेच्या इंजिनांना चढ झेपत नसे, म्हणून जुन्या रेल्वेवाटांचा चढ सहसा तीन टक्क्यांच्या आत असतो. कालव्याकाठची वाट तर सपाटच असते. फक्त प्रत्येक जलपाशापाशी, म्हणजे बोटी वरखाली नेणाऱ्या दरवाज्यांपाशी, एक छोटी चढण येते. गुडघ्यांची चिंता नको.

चिंता करायची ती पृष्ठभागाची. तुलूझहून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या कनाल द्यू मिदी या कालव्यावर तुलूझपासून साधारण पन्नास किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे. नोरूझचा जलविभाजक ओलांडून ओद जिल्ह्यात शिरलात की अनेक टप्प्यांवर अजूनही मातीची अरुंद वाट आहे आणि प्लेन (चिनारच्या कुळातल्या) वृक्षांची मुळं तिच्यावर आडवी पसरली आहेत. सामान लादलेल्या सायकलीवर ती मुळं तासन्‌तास हादरे देतात. बारीक टायरची रोडबाइक घेऊन आलेल्यांचा वेग निम्म्यावर येतो, स्पोक तुटतात, मनगटं दुखतात. ब्रिटनीतल्या नांत–ब्रेस्त कालव्याची वाट बरीचशी दाबलेल्या बारीक खडीची आहे. कोरडी असताना छान पळते, पाऊस झाला की चिकटते आणि सगळी घाण साखळीत जाते.

टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. कच्च्या वाटेवरचा दिवस डांबरी दिवसापेक्षा एक तृतीयांशाने छोटा आखा. हँडलच्या पिशवीपेक्षा मागच्या पॅनियरमध्ये, म्हणजे चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्यांत, वजन ठेवलंत तर मुळांवरून पुढचं चाक उचलणं सोपं जातं.

मिदीबद्दल आणखी एक. तिथल्या प्लेन वृक्षांना बुरशीचा घातक रोग लागल्याचं २००६ मध्ये लक्षात आलं. तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली आहेत. नवी झाडं लावली जात आहेत, पण ती मोठी व्हायला वेळ लागेल. जुन्या छायाचित्रांतली गर्द सावली अनेक ठिकाणी आता नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर निघा.

वाटेत काहीतरी खायला मिळेलच, हा भरवसा

आपल्याकडे घाट चढून वर गेलं की टपरी असते. इथे तसं नसतं. रेल्वे आणि कालवे गावांच्या कडेने गेले, दुकानं राहिली हमरस्त्यावर आणि चौकात. मोटारमुक्त वाटेवर वीस-पंचवीस किलोमीटर एकही दुकान दिसत नाही, आणि ते दोन किलोमीटर आतल्या गावात असतं.

गावात पोहोचलात तरी वेळ पाळावी लागते. जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. छोटी दुकानंही दुपारी बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच खेडी पूर्ण सामसूम असतात, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या तिथल्या सुट्ट्यांच्या दिवशीही तसंच. म्हणून शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचा शिधा घ्या. शाकाहारी असाल तर खेड्यातल्या रेस्टॉरंटवर भिस्त ठेवू नका. सकाळीच बेकरीतून पाव, मग चीज, टोमॅटो, फळं. घरची दाण्याची चटणी त्या पावाबरोबर फार छान लागते. पेढे, तूप, खवा मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पाण्यासाठी दफनभूमी शोधा. फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक गावाच्या दफनभूमीत नळ असतो, आणि सायकलवाले तिथे शांतपणे बाटल्या भरतात. पाटीवर ‘ओ पोताब्ल’ असेल तर पाणी पिण्याजोगं आहे. मध्ये ‘नाँ’ असेल तर पिऊ नका.

नदी वाहते त्या दिशेने जाणं

ल्वार नदीच्या काठाने उतार नावापुरताच आहे. वारा मात्र बहुतेक वेळा अटलांटिककडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. समुद्रापासून सुरुवात करून पूर्वेकडे गेलात तर तो पाठीशी राहतो. रोन नदीच्या खोऱ्यात उलटं आहे. तिथला मिस्त्राल नावाचा वारा उत्तरेकडून सुटतो, म्हणून जिनिव्हा सरोवरापासून समुद्राकडे जाणारी ‘व्हियारोना’ ही सायकलवाट उत्तरेकडून दक्षिणेकडे करावी. मिस्त्राल समोरून आला तर सपाट वाटही घाटासारखी वाटते.

रेल्वेत सायकल कशीही चालते, असं मानणं

प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल सहसा फुकट जाते, पण जागा मोजक्या असतात आणि काही प्रांतांत उन्हाळ्यात आरक्षण लागतं. टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांत अखंड सायकल काही गाड्यांतच चालते, तीही जागा आधी राखलेली असेल तर. ते जमलं नाही तर चाकं काढून १३० × ९० सेंटीमीटरच्या पिशवीत बसवा, मग ती सामान म्हणून जाते. परतीच्या गाडीचं आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करा.

फाटकं, बोगदे आणि नियम

वाट रस्ता ओलांडते तिथे थांबायचं सहसा सायकलीला असतं, गाडीला नव्हे. तासभर मोटार दिसली नाही की हे विसरायला होतं, आणि सवयीने आपण आधी उजवीकडे बघतो. फ्रान्समध्ये वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे पहिली गाडी डावीकडून येते. अशा ठिकाणी मोटारसायकली अडवायला अरुंद फाटकं लावलेली असतात. रुंद पॅनियर तिथे अडकतात, ट्रेलर तर हमखास.

क्लुनीजवळचा ब्वा-क्लेरचा १.६ किलोमीटरचा बोगदा हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा वरच्या खिंडीतून जावं लागतं. उन्हाळ्यातही आत गार असतं. जॅकेट हाताशी ठेवा.

सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला बंदी आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट लागतं.

अडकलात तर

दुपारी चारला साखळी तुटली आणि आसपास कोणी नाही, तेव्हा पहिला प्रश्न असतो की मी नेमका कुठे आहे. मोटारमुक्त वाटेवर रस्त्याचा पत्ता नसतो. कालव्यावर असाल तर जवळच्या जलपाशापर्यंत चालत जा. कनाल द्यू मिदीवर पहारेकऱ्यांच्या घरांवर त्या जलपाशाचं नाव आणि पुढच्या-मागच्या जलपाशांची अंतरं लिहिलेल्या पाट्या आहेत. अपघात असेल तर ११२ ला ते नाव सांगा. साधा बिघाड असेल तर तेच नाव सांगून गावातून टॅक्सी बोलवा. जुन्या रेल्वेवाटेवर स्टेशनांच्या इमारती बऱ्याचदा अजून उभ्या असतात आणि त्यांवर गावाचं नाव असतं. वाटेत मागे गेलेलं शेवटचं नाव लक्षात ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.