जुन्या अनुभवांनी आपल्याला कसे घडवले, हे तपासण्याची एक रीत

आपला स्वभाव कशातून घडला हे शोधताना थेट बालपणाकडे वळण्याऐवजी, आज वारंवार उमटणाऱ्या आणि प्रसंगाच्या मानाने अवाजवी ठरणाऱ्या एखाद्या प्रतिक्रियेपासून सुरुवात करावी. वरिष्ठांनी साधी दुरुस्ती सुचवली तरी दिवसभर मन खट्टू राहत असेल, तर तसेच पूर्वी केव्हा केव्हा वाटले होते, हे आठवेल तितके मागे जात लिहून काढावे. साधारण तीन वर्षांच्या आधीचे प्रसंग बहुतेकांना आठवत नाहीत. उलट दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयातही विशेष टिकून राहतात, म्हणून पहिल्या नोकरीचा किंवा तुटलेल्या मैत्रीचा काळही वगळू नये.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक प्रसंगासाठी ‘काय घडले’ आणि ‘त्यावरून मी काय ठरवले’ असे दोन रकाने करावेत. वर्गात वाचताना चुकल्यावर हशा पिकला, ही घटना. ‘यापुढे पूर्ण खात्री असल्याशिवाय तोंड उघडायचे नाही’, हा निष्कर्ष. त्याच हशातून दुसरे मूल जिद्दीने पाठांतराला लागले असते. माझ्या मते घटनेपेक्षा हा निष्कर्षच आपल्याला अधिक घडवतो, आणि तो ज्या वयात काढला त्या वयाची समज व असहायता त्यात उतरलेली असते. तेव्हाच्या स्वतःला दोष न देता, आज तो निष्कर्ष कितपत खरा आहे एवढेच विचारावे.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे, याचेही भान हवे. मानसशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या 1974 मधील प्रयोगात, मोटारींच्या टकरीची चित्रफीत पाहिलेल्यांना विचारलेल्या प्रश्नातले केवळ क्रियापद बदलले, तरी त्यांनी सांगितलेला वेग बदलला. म्हणून शक्य असल्यास भावंडांना त्याच प्रसंगाविषयी, उत्तर न सुचवता, विचारावे.

क्लेशदायक अनुभवांविषयी लिहिण्याच्या परिणामांवर जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये केलेल्या अभ्यासात सहभागींनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहिले होते. तेवढी मर्यादा पुरेशी आहे. लिहिल्यानंतर लगेच मन जड होऊ शकते. मात्र झोप उडाली, किंवा प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा भास होऊ लागला, तर लेखन तेथेच थांबवावे आणि पुढचे काम मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीने करावे.

शेवटी जुन्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी एक लहान कृती निवडावी, जसे बैठकीत अर्धवट तयार विचार मांडणे, आणि प्रत्यक्षात काय झाले ते तिसऱ्या रकान्यात त्याच दिवशी नोंदवावे.