सोसायटीची नोटीस लिहिताना समता कशी सांभाळायची

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे नोटीसा लिहायचं काम माझ्याकडेच असतं. मागच्या पावसाळ्यात मी लिफ्टला एक कागद चिकटवला होता. "नोकर, दूधवाले, कुरिअरवाले व कुत्रे यांनी मागची लिफ्ट वापरावी." जुन्या फाईलमधला मजकूर होता, मी तारीख बदलून प्रिंट काढली, सही केली, झालं. दोन-तीन दिवसांनी चौथ्या मजल्यावर स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी त्या कागदावर बोट ठेवून मला विचारलं, "मॅडम, यात आम्ही कुठे बसतो, दूधवाल्यात की कुत्र्यात?" त्या रागात नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही आणि रात्री झोप पण नीट लागली नाही.

तेव्हापासून मी बरंच काही बदललं, ते इथे लिहितेय कारण कमिटीत नवीन आलेले लोक मला विचारतात की नेमकं करायचं काय. संविधानाच्या उद्देशिकेत "दर्जाची व संधीची समानता" असे शब्द आहेत. संधीचं आपल्याला पटकन कळतं, नोकरी, शाळा वगैरे. पण दर्जा हा रोजच्या बोलण्यातून दिला जातो किंवा काढून घेतला जातो, आणि तो लिफ्टपाशी, गेटपाशी, ग्रुपवरच्या मेसेजमध्ये आपल्याच हातात असतो.

तर आधी लिफ्टचीच नोटीस घ्या. नियम माणसाला लावू नका, वस्तूला किंवा कामाला लावा. आता आमच्याकडे लिहिलंय, "जड सामान, मोठी पार्सलं किंवा पाळीव प्राणी सोबत असल्यास मागची लिफ्ट वापरावी." बस. यात कोण हा प्रश्नच येत नाही, चेअरमनचा सोफा असला तरी तो मागूनच जाणार आणि ताई रिकाम्या हाताने आल्या तर पुढच्या लिफ्टने जाणार. हे एक वाक्य पास करायला मीटिंगमध्ये दोन तास गेले हे पण सांगते, कारण भाषा बदलली की हक्क बदलतो हे विरोध करणाऱ्यांना बरोबर कळलेलं असतं. तेव्हा तयारीने जा.

दुसरं म्हणजे तू आणि तुम्ही. मराठीत तू हा काही कमीपणाचा शब्द नाही, आपण आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो. प्रश्न एवढाच की समोरचा तुम्हाला उलट तू म्हणू शकतो का. साठीचे वॉचमन काका, आणि बारावीतला मुलगा त्यांना "ए, गेट उघड" म्हणतो आणि ते त्याला "हो साहेब" म्हणतात, इथे समता नाही. दोन्हीकडून तू चालेल किंवा दोन्हीकडून तुम्ही चालेल, एकीकडून तू आणि दुसरीकडून साहेब हे नाही चालणार. आपल्याकडे अर्धे गार्ड हिंदी बोलणारे असतात, तर तिथे पण 'आप' म्हणायची सवय लावा, मराठीत अहो-जाहो आणि हिंदीत 'ऐ इधर आ' असं खूप लोकांचं होतं. आणि नुसतं मावशी म्हटलं की काम संपलं असं नाही बरं का, मावशी म्हणायचं आणि त्यांचा कप खिडकीच्या ग्रिलमध्ये वेगळा उपडा घालून ठेवायचा हे मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिलंय. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी हजारो लोकांसोबत ओंजळीत घेतलं, ते याच गोष्टीसाठी होतं, आणि संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. वेगळा कप दिसला की मला ते आठवतं. तो आत घ्या, बाकीच्या कपांबरोबर घासून ठेवा.

आता व्याकरण, कारण इथे मराठी आपल्याला खूप मदत करते आणि आपण ती घेत नाही. "सभासद गैरहजर राहिला तर" असं लिहिलं की सभासद पुरुषच झाला. "गैरहजर राहिल्यास" लिहा, कोणालाही लागू. "जो भाडेकरू पोलीस व्हेरिफिकेशन करणार नाही तो" यापेक्षा "भाडेकरूंनी पोलीस व्हेरिफिकेशन करावे". "ज्याने मेंटेनन्स भरला नाही त्याने" याच्याऐवजी "मेंटेनन्स भरला नसल्यास". -ल्यास, -ने, -नी, -वे ही रूपं वापरली की बाई का पुरुष हे सांगावंच लागत नाही आणि वाक्य पण छोटं होतं. ला/ली असे तिरपे दांडे मारत बसू नका, वाचवत नाही ते.

आम्ही आणि आपण यातला फरक पण बघा. आम्ही म्हटलं की वाचणारा बाहेर, आपण म्हटलं की तो आत. "आम्ही ठरवले आहे की पाणी दोन तास बंद राहील" वाचून लोक चिडतात ते उगाच नाही. पण कमिटीने एकटीनेच ठरवलं असेल तर गोड बोलायला आपण लिहू नका, सरळ "कमिटीने ठरवले आहे" लिहा.

हळदीकुंकवाचं आमंत्रण हा माझ्यासाठी सगळ्यात जवळचा विषय आहे. माझे वडील गेल्यावर आई चौदा वर्षं कुठल्याच हळदीकुंकवाला गेली नाही, संक्रांतीला दार लावून टीव्हीचा आवाज वाढवायची. नोटीशीत "सर्व सुवासिनींना" असं छापलेलं असायचं, तिला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं, तो एक शब्द पुरायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला जमलं ते आपल्या टॉवरला जमायला हवं. "सोसायटीतील सर्व महिलांना" लिहा, आणि लिहून थांबू नका, ज्या येणार नाहीत असं वाटतं त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगा.

फॉर्मवरचं सौ./श्रीमती/कु. काढून टाका. पुरुषाला फक्त श्री., त्याचं लग्न झालंय का कोणी विचारत नाही. नुसतं पूर्ण नाव पुरतं. कुटुंबप्रमुख हा रकाना असेल तर तिथे नवऱ्याचंच नाव आपोआप टाकू नका, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनकार्डासाठी घरातली सगळ्यात मोठी प्रौढ बाई कुटुंबप्रमुख धरलीय, मग आपल्या मेंटेनन्सच्या बिलालाच काय अडचण आहे.

अपंग की दिव्यांग यावर ग्रुपवर भांडणं होतात. सरकारी कागदात आता दिव्यांग आहे, काही जणांना तो आवडतो काहींना नाही, तर त्या माणसालाच विचारा. पण आमच्या बी विंगला तीन पायऱ्या आहेत आणि तिथे एक आजोबा व्हीलचेअरवर आहेत, त्यांना शब्दाच्या आधी रॅम्प हवा होता. पायऱ्या सगळ्यांना सारख्याच आहेत ही समानता त्यांच्या काय कामाची?

भाडेकरूंना भेटताना "आडनाव काय, गाव कुठलं, तुमच्यात काय चालतं" हे जात काढण्यासाठी विचारले जाणारे तीन प्रश्न बंद करा. ॲग्रीमेंट, व्हेरिफिकेशन, गाडी आहे का, एवढं विचारा.

शेवटी गेटचं रजिस्टर. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये "४०२ ची बाई", "६०१ ची पोळीवाली" अशा नोंदी होत्या, नाव कुठेच नाही. नवीन वहीत रकाने करा: पूर्ण नाव, काम, फ्लॅट, वेळ. ज्यांना लिहायला येतं त्यांना स्वतः लिहू द्या, बाकीच्यांचं गार्डने विचारून लिहायचं, आडनावासकट. पहिला आठवडा सकाळी सात ते नऊ गेटवर गर्दी होईल, दोन पेनं दोरीने बांधून ठेवा आणि गार्डना आदल्या दिवशी सांगून ठेवा.