आरोग्य कायद्यावर हरकत-सूचना पाठवताना

आरोग्यविषयक केंद्रीय कायद्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला, की आधी शेवटची तारीख बघा. कायदा करण्याआधी लोकांची मतं घेण्याच्या २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार किमान ३० दिवस मिळणं अपेक्षित आहे. वाचण्यातच निम्मे जातात. ‘सरकारी दवाखाने सुधारा’ एवढंच लिहून भागत नाही. कलमाचा क्रमांक द्या, खटकणारं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि त्याखाली तुम्हाला हवं ते वाक्य लिहा. जोडीला प्राथमिक आरोग्य केंद्रातला एखादा अनुभव, महिन्यासकट; रुग्णाचं नाव मात्र नको. प्रत जपून ठेवा, खासदारांनाही द्या. आरोग्य मूलभूत हक्क करणारा कायदा राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या २०१५ च्या मसुद्यात सुचवला होता, २०१७ च्या अंतिम धोरणात तो गळला. असे बदल ताडून बघायला जुना मसुदाही उतरवून ठेवावा.