छोट्या संगणकावर स्मार्ट होमचा हब : या चुका टाळा

रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे घरातले दिवे, सेन्सर, प्लग एका जागेवरून चालवणारे सॉफ्टवेअर, बसवून त्याला घराचा हब बनवणे हे आता तास-दीड तासाचे काम आहे. २०१३ पासून विकसित होत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी सहसा त्रास देत नाही; तक्रारी सुरू होतात त्या पंधरा-वीस दिवसांनी, जेव्हा दिवे आज्ञा पाळेनासे होतात, सेन्सर ‘अनुपलब्ध’ दिसू लागतात आणि एखाद्या सकाळी हबच उत्तर देत नाही. अशा वेळी बहुतेक जण सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करतात. मीही ते दोनदा केले आणि दोन्ही वेळा दोष होता तिथेच राहिला. त्यानंतर मी तपासणी नेहमी सॉकेटपासून सुरू करतो आणि सॉफ्टवेअरकडे सर्वांत शेवटी येतो; पुढचा क्रमही साधारण तोच ठेवला आहे.

चार्जरवरचे वॅट पाहून फसू नका

घरात पडून असलेला मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा चार्जर रास्पबेरी पायला (पुढे नुसते ‘पाय’) लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ‘६५ वॅटचा आहे, म्हणजे पुरेल’ हा तर्क इथे लागू पडत नाही, कारण तो चार्जर आपली पूर्ण शक्ती २० व्होल्टला देतो आणि ५ व्होल्टला बहुधा ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. पायला मात्र ५ व्होल्टच लागतात. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर आणि पाय ५ साठी ५.१ व्होल्ट, ५ अँपिअर असा अधिकृत पॉवर सप्लाय मिळतो. पाय ५ ला ३ अँपिअरचा सप्लाय लावला तर तो चालू होतो, पण सर्व यूएसबी पोर्ट मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. त्यावर एसएसडी (डेटा साठवणारी वेगवान डिस्क) आणि झिगबीचे डोंगल (दिवे-सेन्सरांशी झिगबी या बिनतारी पद्धतीने बोलणारी यूएसबी काडी) दोन्ही जोडले की एसएसडी मध्येच ‘गायब’ होते आणि आपण एसएसडीला दोष देत बसतो.

केबलही तितकीच महत्त्वाची आहे. स्वस्त, लांब आणि बारीक तारेच्या केबलचा रोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपिअर वाहताना ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणजे चार्जरमधून ५ व्होल्ट निघाले तरी बोर्डपर्यंत ४.६ पोहोचतात. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कमी विद्युतदाबाची नोंद करतो. ही नोंद पाहण्यासाठी होम असिस्टंटमध्ये ‘रास्पबेरी पाय पॉवर सप्लाय चेकर’ नावाचे इंटिग्रेशन, म्हणजे जोडून घ्यायची सोय, आहे. तिथे ‘समस्या’ असे दिसत असेल, तर इतर कोणतीही तपासणी त्या क्षणी निरर्थक आहे. आधी सप्लाय आणि केबल बदलावी.

बटण बंद होते आहे का, हे आधी पाहा

आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला शेजारी बटण असते आणि झोपण्यापूर्वी ती सगळी बंद करण्याची कित्येक घरांत सवय असते. माझा हब रोज पहाटेपर्यंत बंद आणि सकाळी आपोआप चालू, असा आठवडाभर चालला होता. मी लॉग (हबच्या नोंदी) वाचले, अपडेट मागे घेतले, कार्ड बदलले. शेवटी एका रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा टीव्हीच्या बोर्डवरची चारही बटणे बंद दिसली. सकाळी आईला विचारले, तर तिचे उत्तर होते, ‘रात्री बटणं बंद करायची नाहीत, तर केव्हा करायची?’ तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. हबची जागा चुकीची होती. हब आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या, सहज हात न पोहोचणाऱ्या पॉइंटला जोडल्यावर हा प्रकार थांबला.

हीच गोष्ट दिव्यांना आणि स्मार्ट प्लगांनाही लागू आहे. विजेवर चालणारी बहुतेक झिगबी उपकरणे दुसऱ्यांचे संदेश पुढे पोहोचवतात. बैठकीतला झिगबी बल्ब भिंतीवरच्या बटणाने बंद केला, की त्याच्यामार्फत बोलणारा बाल्कनीतला सेन्सरही मुका होऊ शकतो. बल्बऐवजी भिंतीवरच्या बोर्डच्या आत बसणारे स्मार्ट मॉड्यूल वापरायचे असेल, तर बोर्डमध्ये न्यूट्रलची तार आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तो बऱ्याचदा नसतो आणि मग न्यूट्रलशिवाय चालणारे मॉड्यूलच शोधावे लागते.

मेमरी कार्ड आणि अचानक जाणारी लाइट

होम असिस्टंट प्रत्येक उपकरणाची बदलती स्थिती डेटाबेसमध्ये लिहितो. मूळ मांडणीत हे लेखन दर ५ सेकंदांनी कार्डवर उतरते आणि १० दिवसांचा इतिहास जपला जातो. वीज मोजणारे दोन-तीन प्लग दर सेकंदाला आकडे पाठवू लागले, की साध्या कार्डावर दिवसरात्र लेखन चालते आणि कार्ड लवकर झिजते. शिवाय लेखन चालू असताना लाइट गेली, तर डेटाबेस बिघडण्याची शक्यता असते. ओळखण्याची खूण सोपी आहे : दिवे आणि ऑटोमेशन (आपण ठरवून दिलेल्या आपोआप क्रिया) नीट चालतात, पण आलेखांमधला इतिहास एकाएकी कोरा होतो. होम असिस्टंटने बिघडलेली फाइल बाजूला ठेवून नवी सुरू केलेली असते. सेटिंग वेगळ्या फाइलींत असल्यामुळे त्या शाबूत राहतात. असे एकदा झाले तर दुर्लक्ष करता येईल. दुसऱ्यांदा झाले तर कार्ड बदलण्याची वेळ आली, असे समजावे.

यावर उपाय म्हणजे चांगले ए२ दर्जाचे (कार्डवर तसा ‘A2’ शिक्का असतो) कार्ड घ्यावे, ज्यांचा इतिहास नको अशी उपकरणे रेकॉर्डरमधून, म्हणजे इतिहास लिहिणाऱ्या भागातून, वगळावीत आणि शक्य असेल तर डेटा एसएसडीवर हलवावा. बॅकअप त्याच कार्डवर ठेवणे म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवण्यासारखे आहे. २०२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून बॅकअप मुळातच कूटबद्ध होतात, त्यामुळे ते उघडण्यासाठी सोबत मिळणारी सांकेतिक किल्ली हबबाहेर, कागदावर का होईना, जपून ठेवली पाहिजे; ती हरवली तर बॅकअप असूनही उघडत नाही.

झिगबीचे डोंगल कुठे खोचले आहे?

सेन्सर एका खोलीत चालतो आणि पलीकडच्या खोलीत चालत नाही, तेव्हा लोक सेन्सर बदलतात. त्याआधी पायची मागची बाजू पाहावी. डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खोचले असेल आणि शेजारच्या पोर्टात एसएसडी असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. यूएसबी ३ च्या वेगवान वाहतुकीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि झिगबीही त्याच पट्ट्यात बोलते. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टात, अर्धा ते एक मीटरच्या एक्स्टेंशन केबलवर, एसएसडी आणि राउटर यांच्यापासून दूर ठेवावे. इतक्या स्वस्तात इतका फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

वायफायही त्याच पट्ट्यात असते. राउटर चॅनल १ वर असेल तर झिगबीचे ११ ते १४ हे चॅनल त्याखाली दबतात, आणि झिगबी-टू-एमक्यूटीटी (झिगबी उपकरणे होम असिस्टंटला जोडून देणारे वेगळे सॉफ्टवेअर) मुळात ११ वरच सुरू होते. म्हणून पहिले उपकरण जोडण्याआधी १५, २० किंवा २५ यांपैकी चॅनल निवडावा. नंतर बदलला तर बॅटरीवरचे सेन्सर अनेकदा पुन्हा जोडावे लागतात. एकच डोंगल झेडएचए (होम असिस्टंटमधलीच झिगबी जोडण्याची सोय) आणि झिगबी-टू-एमक्यूटीटी यांना एकाच वेळी वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

इन्स्टॉल करताना होणाऱ्या गडबडी

सामान्य घरासाठी होम असिस्टंट ओएस, म्हणजे संगणकाच्या प्रणालीसकट येणारे होम असिस्टंट, हीच पद्धत निवडावी. आधी रास्पबेरी पाय ओएस घालून त्यावर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) होम असिस्टंट चालवले, तर ॲड-ऑनचा, म्हणजे हबवर बसवायच्या जोड-सॉफ्टवेअरचा, विभाग दिसत नाही. तो बिघाड नाही, त्या पद्धतीत तो नसतोच. पहिल्यांदा चालू केल्यावर तयारीला वीस मिनिटेही लागू शकतात. पान हलत नाही म्हणून मध्येच प्लग काढणाऱ्यांना तीच प्रतीक्षा पुन्हा करावी लागते.

चार दिवसांनी हबचा पत्ता सापडत नसेल, तर राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिलेला असण्याची शक्यता मोठी आहे. राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. यामल फाइल (होम असिस्टंटच्या सेटिंगची मजकूर-फाइल) हाताने लिहिणाऱ्यांनी वेळ अवतरणचिन्हांत लिहावी. अवतरणचिन्हे नसली तर २२:००:०० हा मजकूर वेळ न राहता ७९२०० ही संख्या होतो आणि ऑटोमेशन नाकारले जाते.

गीझर, पंप आणि बाहेरून प्रवेश

३००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर घेतो. तो १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर लावणे हे सरळसरळ आगीला निमंत्रण आहे. टाकीच्या पंपाची मोटर सुरू होताना कित्येक पट जास्त प्रवाह ओढते, म्हणून लहान रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) काँटॅक्टर, म्हणजे जास्त प्रवाह पेलणारा मोठा स्विच, चालवावा आणि पंप काँटॅक्टरवर ठेवावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

घराबाहेरून हब पाहता यावा म्हणून राउटरमध्ये ८१२३ हा पोर्ट, म्हणजे होम असिस्टंटचे जाळ्यावरचे दार, उघडा टाकू नये. टेलस्केलसारखे, फक्त आपली उपकरणे एकमेकांना जोडणारे खासगी जाळे वापरावे. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर तो पुरवठादाराच्या अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता असतो, आणि मग पोर्ट उघडूनही बाहेरची जोडणी आत येत नाही. अशा वेळी राउटरच्या सेटिंगशी झगडण्यात रविवार घालवू नये.