कंसाखालचे अक्षर

उष्मागतिकी शिकू लागलो त्या वर्षी, कागदावरची प्रत्येक पायरी बरोबर दिसत असताना, माझ्या गणितात आदर्श वायूचा दाब शून्य निघाला होता. अंतर्गत ऊर्जेतील बदल म्हणजे तापमान गुणिले एंट्रॉपीतील (विस्कळीतपणाच्या मापातील) बदल, वजा दाब गुणिले आकारमानातील बदल, हे मला पाठ होते. त्यावरून ऊर्जेचा आकारमानाच्या सापेक्ष आंशिक अवकलज, म्हणजे आकारमानासोबत ऊर्जा बदलण्याचा दर, उणे दाबाएवढा असतो, एवढेच मी ध्यानात ठेवले होते. आदर्श वायूची ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते, म्हणून तो अवकलज मी शून्य धरला.

चूक सापडायला दोन दिवस लागले. उणे दाब मिळतो तो एंट्रॉपी स्थिर ठेवल्यावर, आणि शून्य मिळते ते तापमान स्थिर ठेवल्यावर. उष्णतारोधक नळकांड्यातील दट्ट्या सावकाश मागे सरकू दिला, तर वायू स्वतःच्या ऊर्जेतून कार्य करतो आणि थंड होतो. तापमान राखले, तर आदर्श वायूत तेवढीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेरून भरून येते. काय स्थिर आहे हे सांगणारे कंसाखालचे अक्षर गाळलेत, तर त्या अवकलजाला काही अर्थच उरत नाही. ते प्रत्येक ओळीत लिहा, कंटाळा आला तरी लिहा.

स्थिर तापमानाचा अवकलज काढताना एंट्रॉपीचा आकारमानासोबत बदलण्याचा दर मध्ये येतो, आणि तो थेट मोजता येत नाही. येथे घाबरू नका. हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जेचे (अंतर्गत ऊर्जा वजा तापमान गुणिले एंट्रॉपी) तापमान व आकारमान यांच्या सापेक्ष मिश्र द्वितीय अवकलज कोणत्याही क्रमाने काढले तरी समान येतात, म्हणून त्या दराच्या जागी स्थिर आकारमानाला दाब तापमानासोबत किती वाढतो हा मोजता येणारा दर ठेवता येतो. त्याला तापमानाने गुणून दाब वजा केला की आदर्श वायूसाठी शून्य उरते, तर रेणूंमधील आकर्षण आणि त्यांचा आकार हिशेबात धरणाऱ्या व्हॅन डर वाल्स वायूसाठी आकर्षणाचा स्थिरांक भागिले मोलर आकारमानाचा वर्ग.

अशा अदलाबदलीची सूत्रे, म्हणजे मॅक्सवेलचे संबंध, बाजूंवर राशी लिहिलेला चौकोन काढून पाठ करण्याची युक्ती मला मुळीच पटत नाही, कारण चिन्ह चुकले तर ते का चुकले हे चौकोन सांगत नाही. उत्तर लिहून देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा "स्थिर काय ठेवले आहे?" असे दर ओळीला विचारणारा शोधा. मला तो उशिरा भेटला.

सरावासाठी एक मोल आदर्श वायू निर्वातात दुप्पट आकारमानापर्यंत पसरू द्या: ऊर्जा तेवढीच राहते आणि एंट्रॉपी ५.७६ ज्यूल प्रति केल्विन वाढते. उष्णता शून्य असूनही एंट्रॉपी स्थिर का राहिली नाही, याचे उत्तर पुढे जाण्यापूर्वी स्वतःच्या शब्दांत लिहून काढा.