छोट्या वर्कशॉपसाठी हाताने चालणारा बार बेंडर कसा निवडावा

बार बेंडर, म्हणजे लोखंडी पट्टी किंवा सळई डायभोवती (ठरावीक व्यासाच्या गोल ठोकळ्याभोवती) हँडलने ओढून वळवणारं मशीन. तो घ्यायला गेलं की आधी क्षमता सांगितली जाते: "पन्नास बाय दहाची पट्टी वळते." वळत असेलही. पण मऊ एमएसची (साध्या पोलादाची), मोठ्या गोलाईवर, एकदाच, आणि हँडलला दोन माणसं लावून. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या गाळ्यात ग्रिलच्या पट्ट्या, पाईपचे यू-क्लँप, ट्रॉलीचे हूक, गोठ्यातल्या कड्या असा माल शेकड्याने वळवायचा असतो. तिथे दोनच गोष्टी पाहायच्या. एक माणूस हे काम संध्याकाळपर्यंत पाठ न धरता करू शकेल का? आणि पहिल्या तुकड्याचा कोन शंभराव्या तुकड्यालाही येईल का? पाटीवरच्या आकड्यात याचं उत्तर नसतं, ते थोड्या हिशेबाने आणि मशीन हाताळून काढावं लागतं.

पायरी १: आधी कामाची यादी

मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक कामासमोर माल, माप, आतली गोलाई, कोन आणि नग लिहा. मापं सुतात (इंचाच्या आठव्या भागात) बोलली जात असली तरी यादीत मिलिमीटरच लिहा: दोन सूत म्हणजे साधारण ६ मिमी, तीन सूत १०, चार सूत १२, पाच सूत १६. सहा मिलिमीटरच्या जागी आठची पट्टी आली तर जोर पावणेदोन पटीहून जास्त लागतो, म्हणून इथे अंदाज चालत नाही.

यादीत पत्रा जास्त निघाला तर हा बेंडर तुमच्यासाठी नाही. पत्र्याला फोल्डिंग मशीन लागतं. ट्रे किंवा पेटी करायची असेल तर वरचा जबडा सुट्या तुकड्यांचा असलेलंच घ्या, नाहीतर चौथी बाजू उचलताच येणार नाही. फोल्डिंग मशीनची क्षमता एमएसवर लिहिलेली असते. एसएससाठी (स्टेनलेस स्टीलसाठी) जाडी दोन तृतीयांश धरा.

पाईपचं वेगळं आहे. "एक इंची" पाईप म्हणजे पाण्याचा पाईप असेल तर त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो, आणि फर्निचरचा एक इंची ट्यूब २५.४ मिमी. एकाची डाय दुसऱ्याला चालत नाही. ट्यूब सैल डायमध्ये घातला की पोटात चपटा होतो आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. म्हणून डाय सांगताना नेहमी व्हर्निअरने मोजलेला बाहेरचा व्यास सांगा. गोल पाईपच्या डायमध्ये चौकोनी पाईप घालू नका, त्याची आतली भिंत खचते.

यादीत पट्टी, चौकोनी बार आणि सळई जास्त असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पायरी २: हँडलवर किती किलो येणार ते काढा

साध्या एमएसच्या पट्टीसाठी वर्कशॉपात चालणारा हिशेब असा: रुंदी गुणिले जाडी गुणिले जाडी, भागिले १००. मापं मिलिमीटरमध्ये घ्या. उत्तर येतं ते एक मीटर लांब हँडलच्या टोकाला लागणारा ओढ, किलोत. यामागे एमएसची २५० मेगापास्कल ताकद (माल कायमचा वाकायला लागतो तो ताण) धरली आहे. वळताना माल कडक होतो आणि पिना घासतात, त्यासाठी वर निम्मा जोर वाढवला आहे.

४० × ६ ची पट्टी: साधारण १४ किलो. ५० × १०: ५० किलो. चौकोनी बारलाही हाच हिशेब लागतो. १२ मिमीचा बार १७ किलो, १६ चा ४१, २० चा थेट ८०. गोल सळईला याच्या दोन तृतीयांश जोर पुरतो. पण टीएमटी (बांधकामाची काटेरी सळई) असेल तर दुप्पट धरा, कारण एफई ५०० दर्जाच्या टीएमटीची ताकदच किमान ५०० मेगापास्कल असते. एसएस ३०४ ला दीडपट धरा. तो सुरुवातीला सहज वळतो आणि वळता वळता कडक होत जातो.

आता यादी पुन्हा पाहा. रोज नगाने होणारं काम २० ते २५ किलोच्या आत बसलं पाहिजे. कधीतरी लागणारं ४० किलोपर्यंत चालेल. त्याच्या वरचं काम महिन्यात एकदोनदाच येत असेल तर त्यासाठी मोठं मशीन घेऊ नका, गरम करून वळवा किंवा हायड्रॉलिक प्रेस असलेल्या शेजाऱ्याकडून करून घ्या. ते रोजचंच असेल तर हाताचा बेंडर हा पर्यायच नाही. कामगाराच्या पाठीवर क्षमता वाढवू नका.

हँडल दीड मीटरचं असेल तर आकडा दीडने भागला जातो, खरं. पण तेवढं हँडल फिरवायला जागा हवी. दहा बाय वीसच्या गाळ्यात ते भिंतीला लागतं आणि ९० अंशांचा कोन ७० वरच थांबतो. घेण्याआधी जमिनीवर खडूने हँडलचा फेर काढून पाहा. २० फुटी बार वळवताना लांब बाजू स्थिर राहील अशीच मांडणी करा. ती फिरली तर मागे उभ्या माणसाला लागते.

पायरी ३: डायची उंची आणि गोलाई

पट्टी बेंडरमध्ये उभी राहते, म्हणजे तिची रुंदी डायच्या उंचीला टेकते. डाय ३८ मिमी उंच आणि पट्टी ५० ची असेल तर वरची १२ मिमी कड मोकळी राहते. मग पट्टी पिळते आणि वळण शंकूसारखं तिरकं येतं. हा दोष कामगाराचा समजला जातो, तो डायचा असतो. म्हणून डायची उंची तुमच्या सर्वांत रुंद पट्टीइतकी तरी हवीच.

आतली गोलाई मालाच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका. ६ च्या पट्टीला किमान ६ मिमी त्रिज्या, म्हणजे १२ मिमी व्यासाची डाय.

सोबत किती डाय मिळतात याला फार महत्त्व देऊ नका. कोल्हापुरात लेथवर डाय करून घेणं सोपं आहे. ईएन-८ च्या (मध्यम कार्बनच्या पोलादाच्या) बारमधून हव्या त्या व्यासाची डाय टर्न करून मिळते, म्हणून पैसे फ्रेममध्ये घाला. करून घेताना दोन गोष्टी सांगा. भोक पिनपेक्षा ०.१ ते ०.२ मिमीच मोठं असावं. आणि डाय मापापेक्षा थोडी लहान असावी, कारण माल सोडला की उघडतो. एक इंची पाण्याच्या पाईपच्या क्लँपसाठी ३३.७ ऐवजी साधारण ३२.५ ची डाय करून आधी एक तुकडा वळवून बघा.

पायरी ४: दुकानात मशीन हाताने तपासा

कामाचे तुकडे, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), व्हर्निअर आणि एक बारीक कानस सोबत न्या.

हँडलचं टोक धरून वर-खाली हलवा. नवीन मशीनमध्ये टोकाला बोटभर खेळ असेल तर मधली पिन आणि भोक यांचं माप जुळलेलं नाही. हीच ढिलाई पुढे कोनात दिसते. मधल्या पिनला बदलता येणारी बुश (भोकात बसणारी सुटी नळी) आहे का ते विचारा. बुश नसेल तर भोक खाल्लं गेल्यावर अख्खा हात बदलावा लागतो.

पिनच्या टोकावर कानस फिरवा. ती घसरली तर पिन कडक केलेली आहे, कापली तर मऊ आहे. मऊ पिन वाकते आणि मग भोकातून निघत नाही. फ्रेम बिडाची (ओतीव लोखंडाची) असेल तर कोपऱ्यांत आणि पिनच्या भोकांभोवती नीट पाहा. बीड झटक्याने तडकतं. अशा कामाला जाड प्लेटची वेल्डेड फ्रेम बरी, वेल्ड सलग असेल तर.

शेवटी स्वतःची ४० × ६ ची पट्टी वळवून गुण्या लावा. वळलेल्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का ते सपाट टेबलावर ठेवून बघा. असे तीन तुकडे एकाच स्टॉपरवर (हँडल ठरावीक कोनावर थांबवणाऱ्या अडणीवर) वळवा. तिन्हींत एक अंशाहून जास्त फरक आला तर मशीन सोडून द्या. वापरलेलं मशीन घेताना हीच चाचणी रंगापेक्षा महत्त्वाची.

पायरी ५: पाया

चांगलं मशीन सर्वांत जास्त इथे वाया जातं. शहाबादी फरशीत अँकर फास्टनर ठोकू नका. फरशीखाली मसाला आणि माती असते, आठवड्याभरात बोल्ट सैल होतात. फरशी काढून दीड फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल काँक्रीट भरा, त्यात १६ मिमीचे चार जे-बोल्ट (खालचं टोक वाकवलेले) सोडा आणि सात दिवस पाणी मारा.

गाळा भाड्याचा असेल तर तीन बाय तीन फुटांच्या १० मिमी जाड प्लेटवर स्टँड वेल्ड करा. तिचं वजन साधारण ६५ किलो भरतं. हँडल ओढणारा माणूस त्याच प्लेटवर उभा राहील एवढं मात्र पाहा. मग त्याच्या पायांचा जोर आणि हाताचा ओढ एकाच प्लेटमध्ये जिरतात आणि स्टँड उलटत नाही.

पायरी ६: पहिल्या दिवशी कापायचं माप काढा

२५ × ५ ची पट्टी बरोबर २०० मिमी कापा, २० मिमीच्या डायवर काटकोनात वळवा. दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज साधारण २११ येईल. म्हणजे या पट्टीला आणि या डायला प्रत्येक काटकोनामागे ११ मिमी वजा करायचे. बाहेरून १५० आणि १०० चा ब्रॅकेट हवा असेल तर २३९ कापा. प्रत्येक पट्टी-डाय जोडीचा आकडा असाच काढा आणि मशीनशेजारी पत्र्यावर रंगाने लिहा.

स्टॉपर ९० वर लावू नका. एमएस एक ते तीन अंश परत उघडतो, एसएस त्याहून जास्त. ९२ पासून सुरू करा.

नेहमी बिघडतं ते

बाहेरच्या बाजूला तडा गेला तर आधी पट्टीची कड बघा. शिअरने (कापायच्या मशीनने) कापलेल्या कडेवर बर (धारदार उंचवटा) असते, तडा तिथूनच सुरू होतो. बर ग्राइंडरने काढा किंवा ती बाजू वळणाच्या आत घ्या. तरीही तडे येत असतील तर गोलाई वाढवा. भंगारातला कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) थंड वळवायचा प्रयत्नही करू नका, तो तुटून उडतो.

हँडलवर पाईप चढवून लांबी वाढवू नका. पिन तुटली की ओढणारा पूर्ण वजनानिशी मागे पडतो. आणि रोलर व डायमधल्या फटीत बोटं जाऊ नयेत म्हणून छोटे तुकडे चिमट्यानेच धरा.

जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की पिना रात्रीत गंजून भोकात धरतात. काम संपल्यावर पिना काढून तेलाचं फडकं मारा. मधल्या बुशला आठवड्यातून एकदा ग्रीस भरा, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरत राहा. त्यात मिसळलेला लोखंडाचा भुगाच बुश खातो.